घशापर्यंत भरलेली टाकी

पारडखेडच्या पुंडलिकराव आस्वल्यांना काठोकाठ न भरलेली वस्तू दिसली की आपल्याला कोणीतरी फसवलं असं वाटायचं. चहा बशीत सांडला नाही, तर तो अर्धा कप. पायलीवर शीग आली नाही, तर ती पायली खोटी. अडीच वर्षं ते गावचे उपसरपंच होते. त्या काळात गावच्या पाण्याची टाकी रोज सकाळी वरून वाहायची आणि मारुतीच्या पारापासून शाळेपर्यंत चिखल व्हायचा. पोरं घसरून पडायची, मास्तर चपला हातात घेऊन शाळेत यायचे. कोणी तक्रार घेऊन गेलं की पुंडलिकराव म्हणायचे, "दुसऱ्या गावात प्याले पाणी नाई, अन् आपल्या गावात वाहून राह्यलं. याले विकास म्हंते बाप्पा!" पुढच्या निवडणुकीत गावाने त्यांना घरी बसवलं. त्यावर त्यांनी एवढंच अनुमान काढलं, की या गावाला भरलेपण पचत नाही.

पद गेलं तरी तपासणीची खोड गेली नाही. आता ती सगळी मारेगाव रोडवरच्या पेट्रोलपंपावर उतरली.

त्यांची मोटरसायकल पंपावर आली की मागच्या रांगेतले शहाणे लोक मुकाट्याने इंजिन बंद करून तंबाखू मळायला घ्यायचे. पंपावर उर्वशी नावाची पोरगी काम करायची. ती नळी टाकीत घालायची, टाकी भरत आली की नळी खट्ट करून आपोआप बंद व्हायची. बाकीच्या जगाचं पेट्रोल तिथे संपायचं. पुंडलिकरावांचं तिथून सुरू व्हायचं.

"काका, कट झालं."

"कट झालं का माहा गळा कापला? चार बोटं जागा दिसून राह्यली ना वं पोरी. चार बोटं जागा म्हंजे चार बोटं चोरी."

"काका, तेवढी जागा ठेवाचीच असते. ऊन लागलं का पेट्रोल फुगते."

"फुगते तर फुगू दे. माहं हाय, माह्याच टाकीत फुगन."

मग ते गाडी दोन मांड्यांत धरून अशी हलवायचे की जणू दावणीचा गोऱ्हाच बिथरला. फेस खाली बसला की आणखी थोडं. पुन्हा हलवणं, पुन्हा थोडं. झाकण लावताना बोटाला पेट्रोल लागलं की त्यांच्या चेहऱ्यावर बारशाचं जेवण झाल्यासारखं समाधान यायचं.

याचं फळ त्यांना एका वैशाखात वणीच्या लग्नात मिळालं होतं. गाडी भर दुपारी मांडवाबाहेर उभी, उन्हाचा नुसता वणवा. टाकीतलं पेट्रोल तापून फुगलं, झाकणाच्या फटीतून पाझरलं आणि टाकीवरून उतरून सीटवर येऊन बसलं. पुंडलिकरावांनी गाडी सावलीत लावायची म्हणून तिच्यावर टांग टाकली आणि ते पेट्रोल पांढऱ्या लेंग्यात घेऊन तसेच पंगतीत आले. शेजारचे दोघं पत्रावळी उचलून दुसऱ्या ओळीत गेले. आचारी तर मोठा झारा उगारून ओरडला, "ओ काका, इकडं येऊ नका! भट्टी पेटून राह्यली!" वऱ्हाडी हसले. टाकीचा रंग पापडासारखा सुटला. पुंडलिकराव मात्र घरी येऊन बायकोला म्हणाले, "पाय, टाकीत होतं म्हून वाह्यलं. रिकाम्या टाकीतून वाह्यलं असतं का?"

त्यांची बायको मथुराबाई. ती लेंगा धूत होती. ती म्हणाली, "वाह्यलेलं कोणाच्या कामी आलं?"

पुंडलिकरावांना हा प्रश्न ऐकू आला नाही. न पटणारी गोष्ट ऐकू न येण्याची विद्या त्यांनी ग्रामपंचायतीत कमावली होती.

पुढच्या साली त्यांनी बैलजोडी विकली आणि ट्रॅक्टर घेतला. बैल गेले तेव्हा मथुराबाई दोन दिवस नीट जेवली नाही. त्या जोडीसाठी तिने एक झूल शिवली होती. जुन्या लुगड्यांचे काठ, आरशाचे तुकडे, कवड्या, कडेने लोकरीचे गोंडे. एक अख्खा उन्हाळा ती झूल तिच्या मांडीवर होती. बैल विकताना व्यापाऱ्याने झूलही मागितली. ती म्हणाली, "बैल तुमचे. झूल माही." आणि तिने ती पेटीत घातली.

पोळा आला. आता गावात बैलांच्या रांगेशेजारी ट्रॅक्टरचीही रांग लागायची. पुंडलिकरावांच्या ट्रॅक्टरचा हा पहिला पोळा, म्हणून सकाळीच त्यांनी पंपावर जाऊन टाकी घशापर्यंत भरून घेतली. सणाच्या दिवशी घरातलं जनावर उपाशी कसं ठेवायचं, हा त्यांचा सवाल होता. ट्रॅक्टरचं डिझेल पुढे, बोनेटखालच्या टाकीत; झाकण वर. जमिनीखालच्या हौदातून आलेलं गार डिझेल त्या झाकणाला टेकेपर्यंत भरलं. मग त्यांनी शिंगांच्या जागी दोन दिव्यांना बेगड चिकटवली, समोर कागदी बाशिंग बांधलं, आणि मथुराबाईला म्हणाले, "ते झूल काढ."

"लोखंडाले झूल?"

"गावात कोणाच्या ट्रॅक्टरले हाय? नाई ना? मंग!"

तिने काढून दिली. वर्षाचा सण, तोंडातोंडी कशाला करायची, असं तिला वाटलं. बोनेटवर झूल पसरली तेव्हा तीही क्षणभर बघत राहिली. आरसे चमकत होते.

तोरणाखाली रांग लागली. त्या दिवशी पाऊस नव्हता, ढग फाटून चटका देणारं ऊन पडलं होतं. बैल निवांत उभे होते. पुंडलिकरावांनी मात्र इंजिन चालूच ठेवलं होतं, वरून अधूनमधून रेस द्यायचे, का तर बैल डुरकतात तसं यानेही डुरकलं पाहिजे. खाली इंजिन तापलं, वर ऊन तापलं, मधे डिझेल फुगलं. झाकणाच्या कडेने ते गुपचूप बाहेर येऊ लागलं आणि वरची झूल ते पिऊ लागली. वर फुलांचे हार असल्याने ओल कोणाला दिसली नाही. वास आला, पण ट्रॅक्टरजवळ डिझेलचा वास येणार नाही तर काय मोगऱ्याचा येणार?

झडत्या, म्हणजे पोळ्याची तालावर म्हणायची कवनं, सुरू झाल्या. प्रत्येकाने आपापली झडती म्हटली. पुंडलिकराव तर सीटवर उभेच राहिले आणि त्यांनी स्वतः जुळवलेली झडती फेकली:

"गेली बैलाची जोडी, आली लोखंडाची घोडी,
घशापर्यंत पेली, तरी म्हंते अजून थोडी!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला!"

"हर हर महादेव!" गाव गरजलं.

मथुराबाई ताट घेऊन पुढे झाली. तिने ट्रॅक्टरला कुंकू लावलं, नारळ वाढवला, कापूर पेटवला आणि ओवाळायला हात वर नेला. तेवढ्यात पुंडलिकरावांनी सन्मानाची म्हणून आणखी एक जोरदार रेस दिली. ट्रॅक्टर थरथरला, बाशिंगाचा कागद पुढे झुकला आणि कापरावर टेकला.

कागद भुर्रकन पेटला. तो विझलाही असता. पण तो झुलीवर पडला. आणि डिझेल प्यालेलं कापड म्हणजे मशालच. गोंडे पेटले, काठ पेटले, मग अख्खी झूल पेटली. मथुराबाईच्या हातून ताट सुटलं. पुंडलिकरावांनी आधी फुंकर मारली. दिवाळीच्या पणतीला मारावी तशी. त्या फुंकरीने त्यांची डाव्या बाजूची मिशी गेली. मग त्यांनी उडी मारली.

बैलांनी शेपट्या वर करून जी धूम ठोकली, ती नदीपर्यंत. तोरण तुटलं. मानाचे बैल एकीकडे, मानकरी दुसरीकडे. एरवी मानाची जोडी तोरणाखालून निघाली की पोळा फुटतो. त्या वर्षी तो ट्रॅक्टरने फोडला. शेजारच्या उकंडाने बैल हाकायच्या काठीने झूल ओढून खाली पाडली, बायांनी तिच्यावर ओली पोती टाकली, कोणी इंजिन बंद केलं. ट्रॅक्टर वाचला. बोनेटवर फोड आले. झुलीचा काळा गोळा आणि त्यात तडकलेले आरसे उरले.

मथुराबाई त्या गोळ्याजवळ बसली. मग ती म्हणाली, मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"बैलाचं पोट भरलं का तो तोंड फिरवते. याले तोंड फिरवता येत नाई, अन् तुमाले समजत नाई."

पुंडलिकरावांना खरंच वाईट वाटलं. रात्री जेवणही गेलं नाही. पण वाईट वाटणं आणि चूक कळणं ही दोन वेगवेगळी गावं आहेत, आणि पुंडलिकरावांची गाडी पहिल्या गावाच्या पुढे कधी गेली नव्हती. सकाळी त्यांनी टाकीचं झाकण काढून उलटसुलट पाहिलं. झाकणाच्या मधोमध सुईएवढं भोक होतं. गुन्हेगार सापडला.

"कंपनीनं झाकणाले भोक ठेवलं!" ते गावभर सांगत फिरले. "बादलीले भोक ठेवता का? मंग टाकीच्या झाकणाले कायले?"

मारेगावचा मिस्त्री रूपसिंग म्हणाला, "भाऊ, ते भोक हवेसाठी असते. ते राहू द्या. डिझेलच दोन बोटं कमी भरत जा."

कमी भरा! पुंडलिकराव अशा नजरेने बघत परत आले, जणू रूपसिंगने त्यांना घरजावई व्हायला सांगितलं. प्लंबर नळाला लावतात तो मळून लावायचा मसाला त्यांनी आणला, भोक बुजवलं, वरून रबराची जाड चकती बसवली आणि झाकण असं आवळलं की मिशीची उरलेली बाजूही थरथरली. टाकी पुन्हा घशापर्यंत भरली. थेंब बाहेर आला नाही. त्या दिवशी त्यांनी तीन घरी जाऊन चहा घेतला आणि तिन्ही घरी कंपनीच्या इंजिनियर लोकांची अक्कल काढली.

सोयाबीन काढणीला आलं. ट्रॅक्टरला मळणीयंत्र जोडलं. तासभर काम झकास चाललं, मग इंजिन खोकलं, गुदमरलं आणि बंद. पुंडलिकरावांनी चाबी फिरवली. घरघर झाली, पेटेना. मजूर बाया बांधावर बसल्या. जेवून, पान खाऊन पुन्हा चाबी मारली तर चालू! थोड्या वेळाने पुन्हा खोकला, पुन्हा बंद. असं रोज. ज्याच्या घशात नळी कोंबून खाऊ घातलं, तोच आता घास घेईना. शिवाय वर ढग येत होते आणि सोयाबीन उघड्यावर पडलं होतं.

"डिझेलात पाणी हाय," पुंडलिकरावांनी निकाल दिला. "मले आधीच डाउट होता. नळी कट करते, अन् वरून पाणी पाजते."

"बाकीच्याईचे ट्रॅक्टर चालून राह्यले ना? तेबी त्याच पंपावरून भरते," मथुराबाई म्हणाली.

"ते लोकं कमी भरते. म्हून त्याईले पाणी कमी जाते."

ती सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री ओढायला गेली.

पुंडलिकरावांनी संघदीपला फोन लावला. संघदीप म्हणजे गावातलाच पोरगा, मोबाईलवर बातम्यांचा चॅनेल चालवायचा. तालुक्यातल्या प्रत्येक फुटलेल्या नळाला त्याने ब्रेकिंग न्यूज केलेलं होतं. ही बातमी तर मोठी होती. उकंडाच्या ट्रॅक्टरला दोर बांधून पुंडलिकरावांचा ट्रॅक्टर पंपापर्यंत ओढत नेला. मागे मोटरसायकलींवर निम्मं गाव. गावाला न्यायाची तेवढी काळजी नव्हती. पण त्या दिवशी ढगांमुळे सगळ्यांचीच मळणी बंद होती आणि तमाशा फुकट होता.

पंपासमोर संघदीपने माईक धरला. "आपण पाहू शकता, कशाप्रकारे शेतकऱ्याची लूट सुरू आहे..."

पुंडलिकरावांनी गळा साफ केला. उपसरपंचपद गेल्यापासून त्यांच्यासमोर माईक आला नव्हता. ते सुरू झाले ते थांबेनात. डिझेल, पाणी, कंपनी, इंजिनियर, सरकार, झाकणाचं भोक, सगळं निघालं. उर्वशी पंपाच्या खांबाला टेकून ऐकत होती. संघदीपने तिच्यापुढे माईक नेला तर ती म्हणाली, "दर खेपेले हे काका नळी कट झाल्यावर हलवून हलवून भरते. मी नाई म्हंतो, आयकतच नाई. मले दुसरं काई सांगाचं नाई."

"आता पाहा!" पुंडलिकराव ट्रॅक्टरवर चढले. "मी जनतेसमोर झाकण उघडून दाखवतो, आत डिझेल हाय का पाणी. संघदीप, माईक इकडे आण. अजून जवळ."

त्यांनी झाकण फिरवलं. फिरेना. दोन्ही हातांनी फिरवलं. आतून कोणी धरून बसल्यासारखं ते घट्ट होतं. पाय रोवून, दात खाऊन त्यांनी एकदाचा हिसका दिला, आणि माईकमधून साऱ्या जगाला ऐकू गेलं:

फुस्स्स्स!

लांबलचक, दमेकऱ्याने पाण्यातून वर येऊन घ्यावा तसा श्वास टाकीने आत घेतला. पाठोपाठ आत चेपलेला टाकीचा पत्रा "टण्ण" करून जागेवर आला. डिझेल जळून कमी होत होतं, त्याच्या जागी हवा शिरायला वाट नव्हती. टाकीच डिझेलला आत ओढून धरत होती, इंजिनला जाऊ देत नव्हती. हे समजवायला तिथे कोणी उभं राहिलं नाही, कारण गरजच पडली नाही. उकंडाने सहज चाबी फिरवली. झाकण उघडं होतं, ट्रॅक्टर पहिल्या घरघरीत चालू झाला.

मग उकंडा खालून म्हणाला, "पुंडलिकराव, त्या मुक्या जनावराचं नाक काहून दाबलं जी?"

पंपावर जो हशा पिकला, त्यात उर्वशी खांब सोडून खाली बसली. संघदीपही हसत होता, पण त्याने मोबाईल खाली घेतला नाही. हातात झाकण घेतलेले पुंडलिकराव, अर्धी मिशी अजून आखूड, आणि मागे फुरफुरणारा ट्रॅक्टर, असं चित्र संध्याकाळपर्यंत आर्णीपासून वणीपर्यंत फिरलं.

घरी येऊन ते बाजेवर तोंड फिरवून पडले. दिवे लागायच्या वेळी त्यांची मुलगी खुशी हिचा नागपूरहून फोन आला. ती तिथे नोकरीला होती.

"बाबा, काय करून बसले तुम्ही? आमच्या ऑफिसात सगळ्याईनं पाह्यलं."

पुंडलिकराव उठून बसले. "सगळ्याईनं?"

"हो ना! मी कुठं तोंड लपवू?"

"म्हंजे... किती लोकाईनं पाह्यलं असन?"

"बाबा!"

"नाई, म्हंजे अंदाजे. लाखभर?"

लाखाला थोडे कमी होते. पण उपसरपंच असताना त्यांच्या भाषणाला खुर्च्या धरून जेवढे लोक असायचे, त्यापेक्षा बरेच जास्त होते. त्या रात्री पुंडलिकराव व्यवस्थित जेवले. दोन भाकरी, वर ठेचा.

आठवड्याभरात त्यांनी स्वतःचा चॅनेल काढला. मिशी दोन्हीकडून सारखी कापून, डोक्यावर फेटा बांधून, ट्रॅक्टरसमोर खुर्ची टाकून ते मोबाईलपुढे बसू लागले. झाकणाचं भोक त्यांनी उघडं केलं होतं, तेवढं खरं. पण माणूस एका टोकावरून निघाला की मधे कुठे थांबत नाही. कोणी तरी पाठवलेला, ना सही ना शिक्का असा एक मेसेज त्यांच्या हाती लागला होता, आणि त्याच्या जोरावर त्यांनी जगाला सांगितलं, "मित्रहो, टाकी फुल भरली का उन्हात बाँबसारखी फुटते! अर्धीच्या वर थेंब टाकू नका. आमच्या इकडं पोळ्याले काय झालं, मी सोता पाह्यलं." सोता केलं, हे त्यांनी सांगितलं नाही.

आणि गंमत पाहा. पंपावर ज्या गावाने पोट धरून हसून घेतलं, त्याच गावाला तोच माणूस मोबाईलमधून पटू लागला. समोर बसून सांगणारा पुंडलिक आस्वले म्हणजे येडा. काचेआडून सांगणारा म्हणजे जाणकार. उकंडानेही अर्ध्या टाकीचा नेम धरला. रब्बीच्या नांगरटीत, पंप दूर, दिवस मावळतीला, त्याची अर्धी टाकी संपून गेली. इंजिनने डिझेलऐवजी हवा ओढली, नळ्यांत हवा भरली. दुसऱ्या दिवशी रूपसिंगने येऊन सगळी हवा काढेपर्यंत ट्रॅक्टर शेतात, नांगराच्या तासातच मुक्कामी होता.

उकंडा पुंडलिकरावांच्या अंगणात आला तो शिव्या देतच. "तुमच्यापायी माही नांगरट खोळंबली जी! एक खेपेले सांगता घशापर्यंत भरा, एक खेपेले सांगता अर्धी भरा. माणसानं करावं तरी काय?"

पुंडलिकरावांनी घाईघाईने मोबाईल उभा केला. "थांब, थांब. पुन्हा बोल. हे लोकाईच्या कामाचं हाय."

मथुराबाई ओसरीवर तूर निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं. "उकंडाभाऊ, ह्याईले कायले विचारता? नळी आपोआप थांबते ना, तिथं थांबाचं. हलवाचं नाई, वरून टाकाचं नाई. ट्रॅक्टरले थोडी जागा ठेवाची, झाकणाचं भोक मोकळं ठेवाचं. अन् काटा खाली याच्या आधी पंपावर जाचं. ते पंपावरची पोरगी पहिल्या दिवसापासून हेच सांगून राह्यली."

"येवढंच?" उकंडा म्हणाला.

"येवढंच."

उकंडा थोडा हिरमुसला. एवढ्याशा गोष्टीसाठी रागावून आलो, असं त्याला झालं. त्याने पाणी घेतलं आणि निघून गेला. मोबाईल चालूच होता, म्हणून पुंडलिकरावांनी तो व्हिडिओही टाकून दिला.

तो दहा-पंधरा जणांनी पाहिला. त्यातही चार-पाच वेळा खुशीनेच. टाकी बाँबसारखी फुटते असं सांगणारा व्हिडिओ मात्र झरी जामणीच्या पलीकडेही अजून फिरतो आहे, आणि परवा कोणी तरी तो पुंडलिकरावांनाच काळजीने पाठवला. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि दोन ठिकाणी मान डोलावली.